मॅक्रोचा वेग कुठून येतो?

एक्सेल २००७ पासून एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. त्याआधी ६५,५३६ मावत. जागा वाढली, पण लाखभर ओळींत व्हीलुकअप ओढला की फाइल अडखळते. ऑफसेट, इनडायरेक्ट, टुडे ही फंक्शन्स तर शीटमध्ये कुठेही बदल झाला तरी पुन्हा मोजली जातात.

यावर उपाय म्हणून मॅक्रो लिहिताना बहुतेक जण आधी ऑटोमॅटिक कॅल्क्युलेशन आणि स्क्रीन अपडेटिंग बंद करतात. ते करावेच, मात्र खरा वेळ खातो तो शीट आणि व्हीबीए (मॅक्रोची भाषा) यांच्यातला संवाद. एकेक सेल वाचून एकेक सेल लिहिणे म्हणजे किराण्यासाठी प्रत्येक जिन्नसागणिक दुकानाची वेगळी फेरी. त्याऐवजी सगळी रेंज एकदाच अ‍ॅरेमध्ये घ्यावी, हिशेब मेमरीत करावा आणि उत्तरे एकाच वेळी शीटवर उतरवावीत. मिनिटांचे काम अनेकदा सेकंदांवर येते. जुळणी शोधायची असेल तर डिक्शनरी ऑब्जेक्ट वापरा. प्रत्येक ओळीसाठी पूर्ण यादी चाळावी लागत नाही.

मॅक्रोने शीटवर केलेला बदल ‘अनडू’ने परत फिरत नाही, म्हणून आधी फाइलची प्रत ठेवा. आणि कॅल्क्युलेशन पुन्हा ऑटोमॅटिकवर आणणारी ओळ एररच्या वाटेवरही हवीच, नाहीतर जुनेच आकडे अहवालात जातील.