काळ्या दगडातलं सुटं लोखंड

दोरीला बांधलेलं चुंबक खडीच्या ढिगातल्या कचमधून फिरव बरं. मोरिवलीतल्या कारखान्यांच्या दारातली कच मात्र घेऊ नकोस हं. तिच्यात लेथचा कीस मिसळलेला असतो, चुंबक फसतं.

आले ना काळे कण चिकटून? बारीक आणि चकचकीत. पण हे लोखंड नव्हे. हे मॅग्नेटाइट, लोखंड आणि ऑक्सिजनचं संयुग. हातोडा मारलास तर भुगा होईल. ही खडी बेसाल्ट नावाच्या काळ्या दगडाची. आपलं अंबरनाथचं शिवमंदिर 1060 साली याच दगडात घडवलं. त्यात लोह भरपूर, पण सगळं ऑक्सिजनच्या मुठीत. पृथ्वीच्या पाठीवर सुटं लोखंड मिळणं सोन्याहून दुर्मीळ. जे सापडतं, ते बहुतेक आकाशातून पडलेलं.

म्हणून 1870 साली ग्रीनलंडच्या डिस्को बेटावर नॉर्डेनशील्ड नावाच्या संशोधकाला किनाऱ्यावर लोखंडाचे प्रचंड धोंडे दिसले, तेव्हा त्याला ती उल्काच वाटली. सगळ्यांत मोठा धोंडा 22 टनांच्या आसपास! पुढे स्टीनस्ट्रुप नावाच्या भूवैज्ञानिकाला तिथल्या बेसाल्टाच्या पोटातच लोखंडाचे दाणे सापडले. म्हणजे हा माल घरचाच.

तो तयार कसा झाला, ते ऐक. वर येताना तिथला लाव्हा कोळशाच्या आणि कार्बनने भरलेल्या थरांतून गेला. कार्बनने ऑक्सिजन ओढून घेतला, लोखंड मोकळं झालं. पोलादाच्या कारखान्यात भट्टीत कोक घालतात तो याचसाठी. आपल्या सह्याद्रीचा लाव्हाही बेसाल्टच, पण वाटेत त्याला असा कार्बन भेटला नाही.

हे सुटं लोखंड दगडाच्या अडीचपट जड. ठोकलं की फुटत नाही, पसरतं. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांना हे पंडितांच्या आधीच ठाऊक होतं. ते बेसाल्ट फोडून दाणे वेचायचे, दगडानेच ठोकून चपटे करायचे आणि हाडाच्या मुठीच्या खाचेत ओळीने बसवून सुरी करायचे. भट्टी नाही, भाता नाही!

ते धोंडे युरोपातल्या संग्रहालयांत नेले. थंड किनाऱ्यावर युगानुयुगं टिकलेल्या त्या लोखंडाचे काही तुकडे उबदार दालनात गंजून भुगा झाले.