अल्सरचं खापर कोणावर फोडायचं?

मत बदलणाऱ्याची आपल्याकडे धडगत नसते. पुढाऱ्याने बदललं तर घूमजाव, घरातल्याने बदललं तर 'काल तर वेगळंच म्हणत होतास'. मत कधी धरावं आणि कधी सोडावं याबद्दल बरेच गैरसमज आहेत. ते तपासायला पोटाच्या अल्सरची हकिगत बरी पडते.

गैरसमज : जुन्या मताला चिकटलेले लोक हेकटच असतात.

१९८०च्या सुमारापर्यंत बहुतेक डॉक्टर सांगत, जठरात आम्ल वाढलं की अल्सर होतो. खापर फुटायचं ते ताण, तिखट आणि सिगारेटवर. इतक्या आम्लात जंतू तग धरूच शकत नाही, असं मानलं जाई आणि त्याला आधारही होता. १९५४ मध्ये एडी पामर या अमेरिकी डॉक्टरने हजारावर लोकांच्या जठराचे नमुने तपासले, त्यांत जंतू सापडले नाहीत. मेख एवढीच होती की त्याने वापरलेल्या रंगात हे जंतू नीट उठून दिसत नाहीत. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे डॉक्टर रॉबिन वॉरन यांना जठराच्या नमुन्यात वाकडे जंतू दिसले. चांदीचा क्षार असलेला रंग वापरल्यावर ते आणखी स्पष्ट झाले.

पुढे बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. पण प्रयोगशाळेत जंतू काही वाढेनात. दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा फेकून द्यायच्या, असा रिवाज होता. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतूंच्या वसाहती उगवल्या. आधीच्या किती बशा अशा घाईने कचऱ्यात गेल्या असतील!

गैरसमज : नम्र माणूस ठाम बोलत नाही.

१९८४ मध्ये मार्शलने जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. याहून ठाम काय बोलायचं? त्याला अल्सर झाला, असं पुष्कळदा सांगतात. ते खोटं आहे. मळमळ, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला वास येऊ लागला (तो आधी आईच्या लक्षात आला), आणि दहाव्या दिवशी दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा जठराला सूज होती. म्हणजे जंतूमुळे सूज येते, एवढंच त्यातून कळलं. सुजेपासून अल्सरपर्यंतचा दुवा रुग्णांवरच्या चाचण्यांनीच जोडायचा होता. ठाम बोलायचं ते पुराव्यापुरतंच; नम्रता ती हीच.

गैरसमज : प्रस्थापितांनी वॉरन-मार्शल यांना वाळीतच टाकलं.

टिंगल झाली, हे मार्शल स्वतःच सांगतात. पण दोघांचं म्हणणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९८३-८४ मध्येच छापलं होतं. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनीही अल्सर भरून येई, काही महिन्यांनी उलटे. त्यामुळे जंतू मारल्यावर तो पुन्हा होतो का, हे पाहायला वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने या जंतूची बाधा असलेल्या अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविकं द्यावीत, अशी शिफारस केली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अख्ख्या शास्त्राने मत बदलायला दहा-बारा वर्षं घेतली, ती मला फार वाटत नाहीत. मधल्या काळात ज्यांच्या जठरावर शस्त्रक्रिया झाली त्यांना अर्थात वाटतील.

गैरसमज : एकदा मत बदललं की विषय मिटला.

जंतू असलेल्या बहुसंख्य लोकांना अल्सर होतच नाही. उलट वेदनाशामक गोळ्या सतत घेतल्याने तो जंतूविनाही होतो. २०१५ मध्ये डेन्मार्कमधल्या एका दीर्घ अभ्यासात मानसिक ताणाचाही वाटा दिसला. हद्दपार केलेला ताण मागच्या दाराने परत आला. मिरचीला मात्र अजून कोणी परत बोलावलेलं नाही.

गैरसमज : पुरावा दाखवला की माणूस उलट हट्टाला पेटतो.

या समजाचा उगम बराचसा ब्रेंडन निहान आणि जेसन रायफ्लर या राज्यशास्त्रज्ञांच्या २०१०च्या शोधनिबंधात आहे. काही राजकीय गैरसमज दुरुस्त करायला गेल्यावर ते आणखी पक्के झाल्याचं त्यांना आढळलं होतं. मग थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी ५२ मुद्दे घेऊन दहा हजारांहून जास्त लोकांवर प्रयोग केले; तसं उलटं फळ क्वचितच दिसलं. निहान-रायफ्लर यांनी आपला निबंध धरून न बसता याच दोघांबरोबर अमेरिकेच्या २०१६च्या निवडणुकीतल्या विधानांवर नवे प्रयोग केले. लोकांनी चुकीची माहिती दुरुस्त करून घेतली. आवडता उमेदवार मात्र बदलला नाही.