लिंबाच्या सालीतला दरवळ

झाशी छावणीतील वैशाखाची दुपार ज्यांनी अनुभवली, त्यांना उन्हाळ्यात जड अत्तर का नकोसे होते हे सांगावयास नको. अशा वेळी हवासा वाटतो तो लिंबाचा ताजा गंध. आणि त्यासाठी पैसे मोडावेच लागतात असे नाही.

जर्मनीतील कोलोन नगरीत १७०९ साली स्थापन झालेल्या फरिना पेढीने लिंबू-संत्र्यांच्या सालींतील तेलांचा गंध दूरदेशी पोहोचविला. तापात कपाळावरील पट्टीसाठी आपल्या घरांतून वापरले जाई ते कोलनवॉटर याच परंपरेतले.

तसलेच तेल आपल्या सरबताच्या लिंबातही असते. लिंबू पिळण्यापूर्वी सालीचा पातळ काप काढा आणि तिची बाहेरची बाजू रुमालाकडे करून चिमटीत दुमडा. सूक्ष्म तुषार उडून रुमाल दरवळेल. हा गंध फार टिकत नाही. पण दुसरी साल हाताशी असतेच!

एक पथ्य मात्र अवश्य पाळा. हे तेल अंगाला लावून उन्हात जाऊ नका. त्यातील काही द्रव्ये उन्हाने दाहक बनतात. एकदोन दिवसांत त्वचेवर फोड येतात, पुढे काळे डाग राहतात. म्हणून हात साबणाने धुवा, मुलांना जपा आणि सुगंध रुमालापुरताच ठेवा.