सोनेरी वेदी खालून वर पाहावी

माणगावहून कोकण रेल्वेने करमळीस उतरून जुन्या गोव्यास जाणारे आपले भाविक बॉम जिझस बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन घेतात नि लगबगीने परततात. १६०५ साली अभिषिक्त झालेल्या त्या मंदिराची मुख्य वेदी मात्र पाहायची राहून जाते. (आम्हीही प्रथम असेच परतलो होतो!) ती खालून वर पाहावी : बाळ येशू, त्यावर संत इग्नेशियस, त्यांच्या दृष्टीसमोर येशूनामाची तीन अक्षरे आणि शिखरावर पवित्र त्रैक्य. संतांची नजर वर लागलेली आहे. आपलीही तेथे जावी, एवढ्यासाठीच ते सोने.

विजापूरच्या जामा मशिदीतील मेहराब १६३६ साली असाच सोन्यारंगांनी सजविला गेला. तेथे मूर्ती नाही. अक्षरे, चितारलेले कोनाडे, फुलदाण्या आहेत. तेथे आजही नमाज होते, म्हणून शुक्रवारची दुपार टाळावी.