एका मिलिमीटरची गोष्ट

संस्कृतीच्या पानावर आतड्याच्या कर्करोगाविषयी लिहावे, आणि तेही गाणे शिकवणाऱ्या माणसाने, हे काही वाचकांना विपरीत वाटेल. परंतु या दुखण्याचा संबंध जितका शरीराशी आहे तितकाच आपल्या घरांतल्या चालीरीतींशीही आहे. काही अवयवांची नावे आपण चारचौघांत घेत नाही. त्यांची दुखणी मग घरातल्या घरातच राहतात आणि वाढतात.

मी बालाघाटात गाण्याचे वर्ग घेतो. मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग तोडून १८६७ साली हा जिल्हा झाला. यातला बराचसा मुलूख कधीकाळी नागपूरकर भोसल्यांचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तरी सोयरीक असो की मोठे दुखणे, इथली जुनी मराठी घरे अजून गोंदिया-नागपूरकडेच पाहतात.

अशाच एका घरातली मुलगी माझ्याकडे शिकते. तिच्या आजींना सात-आठ महिने शौचावाटे रक्त जात होते. त्यांनी त्याला ‘उष्णता’ असे नाव दिले आणि सब्जा, धण्याचे पाणी व गुलकंद सुरू केला. पुढे कोणीतरी मूळव्याध म्हटले, तेव्हा तिचेही औषध झाले. लुगडे सैल होऊ लागले, शौचाच्या वेळा बिघडल्या, तेव्हा कुठे मुलाच्या लक्षात आले. दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा काढून पाहिला, आणि गुदाशयाचा कर्करोग निघाला. घरात एकच घाई सुरू झाली. नातलग म्हणू लागले, “कापून टाका आणि मोकळे व्हा.”

नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र कापण्याआधी एक चित्र काढायला सांगितले. “रोग तर कळला आहे, मग आता आणखी चित्र कशाला?” हा घरातल्यांचा प्रश्न माझाही होता. त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलातील डॉ. सुप्रीता आर्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध हाती आला. भारतीय क्ष-किरणतज्ज्ञांच्या इंग्रजी नियतकालिकात तो २०१५ साली छापून आला. गुदाशयाच्या कर्करोगात चित्रे कशी काढावी आणि कशी वाचावी, असा त्याचा विषय. त्यातही सारा भर एम.आर.आय.वर. लेखकांत क्ष-किरणतज्ज्ञांबरोबर किरणोपचाराच्या डॉ. रीना इंजिनिअर आणि शल्यविशारद डॉ. अवनीश सकलानी यांचीही नावे आहेत. चित्र एकाने वाचावे आणि उपचार दुसऱ्याने ठरवावा, असे हे काम नव्हे. सर्वांनी मिळून एकच चित्र पाहायचे असते.

या चित्रामागचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टन असते आणि त्या वेष्टनावर बाहेरून एक पातळ पापुद्रा असतो. पूर्वी शस्त्रक्रिया होऊनही पुष्कळ रुग्णांत रोग त्याच जागी पुन्हा उद्भवे. इंग्लंडात बेसिंगस्टोक येथील शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२ साली दाखवून दिले, की रोगाचे कण या चरबीत मागे राहतात. म्हणून वेष्टन फाटू न देता पापुद्र्यासकट सबंध बाहेर काढले पाहिजे. पुढे १९८६ साली लीड्सच्या फिल क्वर्क यांनी काढलेल्या आतड्याचे आडवे काप घेऊन तपासले. ज्यांच्या कापांत गाठ कडेला टेकलेली होती, त्यांचाच रोग प्रामुख्याने उलटला होता. कडेपासून एक मिलिमीटर अंतर मोकळे आहे की नाही, यावर सारे येऊन ठेपले.

पण हे कळत होते शस्त्रक्रियेनंतर. ते आधी कळावे यासाठी इंग्लंडमधल्या क्ष-किरणतज्ज्ञ जिना ब्राउन यांनी एम.आर.आय.ची बारीक चित्रे वापरली. या तपासणीत क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओलहरी यांवर ती चालते. युरोपातल्या चार देशांत मिळून ४०८ रुग्णांवर केलेला त्यांच्या गटाचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. चित्र पाहून ३४९ रुग्णांची कड मोकळी आहे असे आधीच सांगितले होते. प्रत्यक्षात ३२७ जणांची तशी निघाली. शंभरात चौऱ्याण्णव! २०१४ साली याच रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब आला. चित्रात ज्यांची कड मोकळी होती त्यांतले शेकडा सुमारे ६२ हयात होते. ज्यांची नव्हती त्यांतले सुमारे ४२.

चित्र काढण्यातही कसब आहे. काप साधारण तीन मिलिमीटर जाडीचे घ्यायचे आणि ते गाठीच्या लांबीला काटकोनात घ्यायचे. गुदाशय वळणावळणाचा असतो, म्हणून प्रत्येक रुग्णात हा कोन नव्याने साधावा लागतो. तो चुकला तर आतड्याची भिंत पुसट दिसते आणि नसलेला रोग दिसतो किंवा असलेला लपतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचे सूत केसभर सरकले की जवारी जाते, हे गाणाऱ्याला सांगावे लागत नाही. मात्र इथे बिघडतो तो माणसाचा जीव.

मग चित्र वाचून अहवालात काय लिहायचे? गाठ भिंतीच्या किती बाहेर आली आहे, पापुद्र्यापासून किती दूर आहे, जवळच्या शिरांत शिरली आहे का, आणि शौच रोखून धरणाऱ्या स्नायूपासून किती अंतरावर आहे. कड मोकळी असेल तर पुष्कळदा सरळ शस्त्रक्रिया करता येते. नसेल तर आधी किरणोपचार व औषधे देऊन गाठ आकसवायची, पुन्हा चित्र काढायचे आणि मग शस्त्र हाती घ्यायचे. रोग यकृतात वा फुप्फुसात गेला आहे का, हे पाहायला सी.टी. स्कॅन वेगळा.

आजींना या मिलिमीटरांशी कर्तव्य नव्हते. त्यांचा घोर निराळाच होता. पोटावर कायमची पिशवी लागली तर देवघरात पाऊल कसे टाकायचे? नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात कसा करायचा? “त्यापेक्षा मेलेली बरी,” असे त्या सुनेला म्हणाल्याही. याला कोणी खुळेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. साठ वर्षे ज्या शुचितेवर बाईने घर उभे केले, तीच सोडायची म्हटल्यावर तिने धरायचे तरी काय?

चित्रात दिसले ते असे : गाठ मागच्या बाजूला पापुद्र्याला टेकली होती, खालचा स्नायू मात्र मोकळा होता. घाईने कापले असते तर रोग मागे राहण्याचा धोका होता. प्रथम किरणोपचार व औषधे झाली. काही आठवड्यांनी पुन्हा चित्र काढले, त्यात गाठ मागे हटलेली दिसली, आणि मग शस्त्रक्रिया झाली. नैसर्गिक मार्ग वाचला. जोड भरून येईपर्यंत काही महिने पिशवी मात्र लागली. त्या दिवसांत मी भेटायला गेलो, तेव्हा आजी देवापुढे वाती वळत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “मास्तर, देवापासून काय लपून राहते? चोरी वाटते ती माणसांचीच.”

सगळ्यांचे असे निभावत नाही. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचे जगात सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. भारतातले नवे रुग्ण सुमारे ७० हजार. यंत्रे बारीक झाली, वाचणारे डोळे तयार झाले, पण चित्र काढण्यासाठी माणूस आधी तिथवर पोहोचला पाहिजे. रक्त दिसल्याबरोबर आजी बोलल्या असत्या, तर गाठ कदाचित पापुद्र्यापर्यंत पोहोचलीच नसती.

म्हणून जुन्या घरांतल्या लेकीसुनांना व मुलांना एवढेच सांगणे, की वडीलधाऱ्यांच्या ‘उष्णते’ची नीट चौकशी करा. रक्त जाणे, शौचाची सवय बदलणे, वजन उतरणे यांपैकी काहीही दिसले, तर मूळव्याध आहे असे घरीच ठरवू नका. डॉक्टरांकडून तपासून घ्या. दुर्दैवाने गुदाशयाची गाठ निघालीच, तर शस्त्रक्रियेची तारीख विचारण्याआधी विचारा : एम.आर.आय. झाला का, आणि कडेचे अंतर किती आहे? विचारायला संकोच वाटेल. पण तेवढ्या संकोचापायी घरातले माणूस गमावू नये.