पत्रिकेवरची धुरकट बिस्मिल्लाह

खोपोलीत छापलेली भाचीच्या निकाहची पत्रिका हातात आली आणि आपाचा चेहरा उतरला. वरची बिस्मिल्लाह धुरकट! चूक आमचीच; चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललं होतं. असं चित्र ठिपक्यांचं असतं. चांगल्या छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे 600 ठिपके रुंद चित्र दोनच इंच नीट उमटतं. व्हेक्टरमध्ये रेषांचं गणित असतं. पत्रिका असो वा फ्लेक्स, कडा स्वच्छ. पीडीएफ म्हटल्यावर निर्धास्त होऊ नका, आत फोटोच चिकटवलेला असू शकतो. पडद्यावर आठपट मोठं करा. कडेला पायऱ्या दिसल्या तर कोरलड्रॉमधली मूळ फाइल मागा. आम्ही बिस्मिल्लाह नव्याने आखून घेतली. जुन्या पत्रिका कपाटातच आहेत, फेकवत नाहीत.