वेस्ट साइड यार्ड, न्यूयॉर्क

मॅनहॅटनच्या पश्चिम कडेला, हडसन नदीजवळ लाँग आयलंड रेल रोडचे हे यार्ड आहे. पूर्वी येथे न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचे मालगाड्यांचे यार्ड होते. लोकलगाड्यांचे यार्ड १९८७ मध्ये सुरू झाले. त्याआधी सकाळी पेन स्टेशनवर प्रवासी उतरले की अनेक गाड्या ईस्ट नदीखालच्या बोगद्यांतून रिकाम्याच परत न्याव्या लागत. आता त्या पुढे सरकून दिवसभर इथेच थांबतात, त्यांची साफसफाई होते आणि संध्याकाळी पुन्हा फलाटावर येतात.

स्टेशनकडून येणारे मोजके रूळ टेन्थ ॲव्हेन्यूखालून बाहेर पडतात आणि सांध्यांच्या मालिकेतून पंख्यासारखे फाकत ३० समांतर मार्गिका होतात. ही रचना पुढे बांधकामाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. यार्डाच्या पूर्व भागावर छत घालून हडसन यार्ड्स प्रकल्पाच्या उंच इमारती उभारताना आधाराचे खांब रुळांमधल्या अरुंद पट्ट्यांतच रोवावे लागले; रूळ एकवटतात तिथे तर खांबांना जागाच नव्हती. तरीही खाली गाड्या चालूच राहिल्या, आणि ही कामगिरी वरच्या इमारतींपेक्षा मोठी आहे. प्रकल्पाचा पहिला टप्पा २०१९ मध्ये खुला झाला.